लाल ठिपक्याचे बोल्ट

"गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं असतं, वहिनी," बोनेटवर कोपर टेकून भाऊजी म्हणाले. "हौशे, नवशे आणि गवशे. हौशाला गाडी कारखान्यातून निघाली तश्शी हवी. नवशाला रूप जुनं हवं आणि सुख नवं हवं. आणि गवशाला गाडी नकोच असते. त्याला हवे दिवे, हवी दारं, हवे आरसे."

"मग आपली कुणाला पसंत पडायची?"

"आपल्या गाडीचं रूप हौशाचं आणि पोट नवशाचं. वरून चाळीस वर्षांची, टप उघडणारी, देखणी. आत ऑटोमॅटिक. हौशा आत डोकावतो आणि नाक मुरडतो. नवशा म्हणतो, टप कापडाचा, एसी टिकणार कसा. उरला गवशा. तो दारातच बसलाय टपून."

वहिनी हसली नाही. दादा गेल्यापासून धाकट्या दिराच्या विनोदाला ती उसनं का होईना, हसू देत असे. आज तेवढंही शिल्लक नव्हतं. महिनाअखेरीला वर्कशॉपची जागा रिकामी करून द्यायची होती. जागामालकाला तिथं इमारत उठवायची होती. भाऊजींनी गावाबाहेरच्या एका मोठ्या गॅरेजात नोकरी धरली होती. वहिनी लेकीकडे निघाली होती, चौथ्या मजल्यावर. लेक म्हणाली होती, "आई, तू ये, मशीन आण. पण गाडी कुठं ठेवशील? गॅलरीत?"

गाडी फिकट हिरवी, लांब नाकाची, दोन दारांची. टप मागे दुमडला की ओंजळीसारखी उघडी, वर ओढला की कळीसारखी मिटलेली. तो टप वहिनीनं आजवर चार वेळा शिवला होता. खिडकीपाशी तिचं जाड कापडाचं मशीन होतं. बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या सीटा आणि टप ती तिथं शिवायची. डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला, म्हणून मशीन एकट्या उजव्या पायावर चालायचं, आणि असं चालायचं की दोन पायवाल्यांनी मान खाली घालावी. शिवताना ती गुणगुणायची. शब्द तिचेच, चाल मशीनची.

सुई जाते खाली, दोरा येतो वर
माझ्या गं राजाचं, चाकावरी घर

दादानं ही गाडी मोडक्या अवस्थेत आणली होती, लग्नानंतर दोनच वर्षांनी. पत्रा ठोकून, इंजिन बांधून त्यानं ती उभी केली. तेव्हा ती मॅन्युअल होती. क्लच दाबायला डावा पाय हवा, आणि वहिनीचा डावा पाय म्हणजे नुसता सोबतीला. ती शेजारच्या सीटवर बसायची आणि गाडीला सवत म्हणायची. "रात्रंदिवस तिच्याच पोटाखाली असता. माझ्याशी बोलताना निदान तोंड तरी बाहेर काढा."

मग पंचवीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दादा कोपरापर्यंत ऑइलनं माखलेला घरात आला आणि म्हणाला, "उद्यापासून ही तू चालवायचीस." मॅन्युअल गिअरबॉक्स काढून त्यानं ऑटोमॅटिक बसवला होता. क्लचचं पेडल गेलं होतं. ते होतं त्या जागी रबराची चटई मापात कापून घातली होती, म्हणजे वाळल्या पायाला निजायला जागा. लोक म्हणाले, बायकोला कुणी सोनं घालतं, या खुळ्यानं गिअर काढून दिला. वहिनीनं ते वाक्य पदराच्या गाठीसारखं जपलं. लेक शाळेत असताना तिला सोडायला, सासूला दवाखान्यात न्यायला, कापडाचे तागे आणायला, पंचवीस वर्षं ती ही गाडी चालवत होती. उतरताना लंगडायची. चालवताना कुणाला कळायचंही नाही.

पहिला गवशा म्हणजे सुटे भागवाला. सडपातळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. जुन्या गाड्या घ्यायचा, सोलायचा, भाग दूरदूर पाठवायचा. भाऊजी त्याला पाठीमागे गिधाड म्हणत. "पण गिधाड किती अदबीनं बोलतं बघा. मेलेल्याला उठवून विचारेल, बसू का म्हणून."

"आहे तशी नेईन, बाई," सुटे भागवाला म्हणाला होता. "घाई नाही. तुमची जागा सुटायच्या दिवशीसुद्धा चालेल."

आणि एकुलता एक हौशा म्हणजे कप्तान. जहाजावरून निवृत्त झालेला, पांढऱ्या भुवयांचा. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टपाच्या शिलाईवरून बोट फिरवलं, "हे कुणी शिवलं?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकून वहिनीला चक्क नमस्कार केला. मग आत वाकून बघितलं आणि सरळ झाला.

"ऑटोमॅटिक."

"हो," भाऊजी म्हणाले. "पण मूळचा बॉक्स आहे आमच्याकडे. फळीवर. जसाच्या तसा."

गोणपाटात गुंडाळलेला तो बॉक्स भाऊजींनी साखळीनं खाली उतरवला. वरून चंदेरी रंग, बोल्टांच्या डोक्यावर लाल ठिपके. कप्तानानं खिशातून भिंग काढलं, बॉक्सवर ठोकलेला नंबर वाचला, गाडीच्या सांगाड्यावरचा वाचला, पुन्हा बॉक्सवरचा वाचला. दोन्ही जुळले.

"हा बसवून द्या. मी एकदा चालवून बघेन. नीट चालली तर घेऊन जाईन, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर हिचा एक स्क्रूही वेगळा होणार नाही. ऑटोमॅटिकच ठेवायची असेल तर मात्र मला नको. राग मानू नका."

तो गेल्यावर भाऊजींनी बॉक्सवर पुन्हा गोणपाट ओढलं.

"ठरवायचं तुम्ही," भाऊजी म्हणाले. "आहे तशी ठेवली तर शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही चालवाल, आणि मग ती तुकड्यांनी जाईल. मॅन्युअल केली तर अख्खी जाईल, पण आजपासून तुमच्या हातची गेली."

वहिनीनं सुईतला दोरा दातानं तोडला.

"हातची तर दोन्हीकडून जाणार. मग अख्खी जाऊ दे. कुणीतरी रविवारी धुईल, पुसेल, टप उघडून निघेल. ह्यांनी माझ्यासाठी काढला तो बॉक्स मी ह्यांच्यासाठी परत घालते. फिट्टंफाट."

"बघा हं. मागाहून म्हणाल, दिरानं भरीला घातलं."

"तुम्ही मला भरीला घालणार? वांग्यासारखं तोंड घेऊन?"

एवढी एकच थट्टा त्या आठवड्यात झाली.

क्लचची प्लेट, पेडलं, त्यांच्या दांड्या, हे सगळं दादानं कधीच मोडीत टाकलं होतं. याच जातीच्या एका मेलेल्या गाडीतून ते सुटे भागवाल्यानं आणून दिलं, आणि बदल्यात ऑटोमॅटिक मागितला. त्याचं गिऱ्हाईक तयार होतं.

"नक्की ना?" त्यानं विचारलं. "एकदा गेला की परत मिळायचा नाही, आधीच सांगतो."

"नक्की," भाऊजी म्हणाले.

गाडी आत घ्यायची वेळ आली तेव्हा वहिनी स्वतः बसली. अंगणातून वर्कशॉपच्या खड्ड्यापर्यंत गाडी तिनं सरळ रेषेत नेली, चाकं खड्ड्याच्या दोन्ही कडांवर बरोब्बर. उतरली, दार लावलं आणि मशीनपाशी जाऊन बसली. भाऊजींनी दुपारपर्यंत ऑटोमॅटिक खाली घेतला. संध्याकाळी सुटे भागवाला तो घेऊन गेला.

"हा उघडून बघायचा का आधी?" फळीवरच्या बॉक्सकडे बघत वहिनीनं विचारलं होतं. "पंचवीस वर्षं पडून आहे."

भाऊजींना राग आला. खरा राग. त्या वर्कशॉपात एक रीत होती, कुणी न लिहिलेली आणि कुणी न मोडलेली. दादा जो बोल्ट स्वतःच्या हातानं आवळायचा, त्याच्यावर बारीक कुंचल्यानं लाल ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे झालं, तपासलं, आता इथं कुणी पाना लावायचा नाही. गिऱ्हाईकं बोनेट उघडून आधी ठिपके मोजायची. भाऊजी पाना धरायला शिकले तेच ठिपका कुठं आहे ते बघत.

"दादाच्या ठिपक्यावर मी पाना लावू? हात झडतील माझे. जसा आहे तसा चढेल."

तसाच चढला. चार दिवस लागले. भाऊजींनी पेडलं बसवली, दांड्या जुळवल्या, बॉक्समध्ये ऑइल भरलं. गिअरची काठी हातात घेऊन पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे हलकेच टाकून बघितले आणि लहान पोरासारखे हसले. "लोण्यातून सुरी, वहिनी. दादाचा हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात ऑइलचं थारोळं होतं.

"सील गेलं असेल," भाऊजी म्हणाले. पुसून घेतलं, बॅटरी धरली, थेंब कुठून येतो ते बघत बोट वर वर नेलं. सीलपाशी कोरडं होतं. थेंब बॉक्सच्या पोटातून येत होता. तिथला चंदेरी रंग ऑइलनं सुरकुतला होता, आणि नखानं खरवडला तर खपली निघाली. खपलीखाली पुट्टी. पुट्टीखाली तडा.

भाऊजी खड्ड्यात उभे राहिले ते हललेच नाहीत.

"काय झालं?" वहिनीनं वरून विचारलं.

"काही नाही. सीलच आहे. मी बघतो, तुम्ही नका येऊ, निसरडं आहे."

ती उतरलीच. कठड्याला धरून, एकेक पायरी बसून. बॅटरी त्यांच्या हातातून घेतली आणि बघितलं. वीतभर तडा, बोल्टच्या भोकापासून निघून बेअरिंगच्या घरापर्यंत गेलेला. त्यावर पुट्टी इतकी निगुतीनं भरलेली, घासून इतकी सपाट केलेली, की बोटाला कळू नये. तिनं बोट फिरवलं. जन्मभर फाटकं कापड हाताळलेली बाई ती.

"हा रफू आहे," ती म्हणाली. "आणि कुणी केलाय ते मला सांगू नका. असं कडेकडेनं आत घासत येणं एकाच माणसाला यायचं."

त्या दिवशी बॉक्स पुन्हा खाली आला. भाऊजींनी त्याला बाकावर ठेवलं, आणि लाल ठिपक्याच्या पहिल्या बोल्टवर पाना लावताना तोंड दुसरीकडे फिरवलं. आतली चाकं ठीक होती, तेल लावून ठेवल्यासारखी चकचकीत. मोडलं होतं ते कवच, नंबर ठोकलेलं.

"साखळीवरून सुटून पडला असणार," भाऊजी सावकाश म्हणाले. "वेल्डिंग केलं तर बेअरिंगचं घर वाकडं होईल. चालेल, पण रडत चालेल. दुसरं कवच शोधलं तर मिळेल कदाचित, पण त्यावर हा नंबर नसणार. कप्तानाला तो नंबर हवाय."

"भाऊजी, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"कधी?"

"ह्यांनी ऑटोमॅटिक घातला तेव्हा."

"मी नव्हतोच. ते वर्षभर मी बाहेरगावी शिकायला होतो. आलो तर गाडी बदललेली."

वहिनी बाकाशेजारच्या पिंपावर बसली. तिला ते तीन आठवडे आठवत होते. त्या संध्याकाळच्या आधीचे. गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती आणि दादा ताटावरून अर्धपोटी उठत होता. काय झालं विचारलं की म्हणायचा, काही नाही. रात्री कूस बदलत राहायचा. आणि मग एकदम ती संध्याकाळ, माखलेले कोपर आणि ते वाक्य. पंचवीस वर्षं तिनं त्या तीन आठवड्यांचा असा अर्थ लावला होता, की हा माणूस माझ्या पायाचा विचार करत होता. जेवण गोड लागेना ते माझ्यासाठी.

"तीन आठवडे, भाऊजी," ती म्हणाली. "तीन आठवडे गाडी झाकून उभी होती. आधी बॉक्स पडला. मग त्यांना माझा पाय आठवला."

"असं कशाला म्हणता? तुमच्यासाठी काढायला गेला असेल, आणि काढताना पडला असेल."

"मग मला सांगितलं का नाही? मी काय मारणार होते त्यांना?"

भाऊजींनी पाना फडक्यानं पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"दादाच्या हातून काही पडतं, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसेल."

"खरं असेल."

"आणि दोन्ही खरं असेल, वहिनी. पडला तेव्हा वाईट वाटलं असेल, आणि मग सुचलं असेल की बरंच झालं, हिला चालवता येईल."

"असेल," ती म्हणाली. "पण विचारू कुणाला?"

भाऊजी धावतपळत सुटे भागवाल्याकडे गेले. ऑटोमॅटिक परत मिळाला तर निदान गाडी चालती होईल, निदान महिनाअखेरीपर्यंत वहिनी ती चालवेल. सुटे भागवाल्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तो त्याच संध्याकाळी गेला. आज तो दुसऱ्या गाडीत बसलाही असेल. मी विचारलं होतं तुम्हाला, नक्की ना."

"विचारलं होतंत," भाऊजी म्हणाले.

परतले तेव्हा त्यांच्या हातात पुट्टीचा नवा डबा होता आणि चंदेरी रंगाची बाटली.

"कप्तान शनिवारी येतोय," बाकाकडे बघत ते म्हणाले. "मी हे पुन्हा भरतो. आजकालची पुट्टी चिवट असते. आठवडाभर थेंब गळणार नाही. तो एक फेरी मारेल, घेऊन जाईल. नंतर कधी गळायला लागलं तर जुनी गाडी आहे, गळायचीच. गाडी अख्खी राहील, वहिनी. तुम्हाला तेच हवं होतं ना? दुरुस्ती करील तो. त्याच्याकडे वेळ आहे, हौस आहे."

वहिनी त्या डब्याकडे बघत होती. खरं तर एवढंच करायचं होतं. डबा उघडायचा, भरायचं, घासायचं, वर रंग. आणि हिरवी गाडी टप उघडून कुणाच्या तरी रविवारात निघून जाणार. तिनं हात पुढे केला, डबा घेतला, झाकणावर अंगठा दाबला.

"नको," ती म्हणाली. "एकदा लावली तेवढी पुट्टी पुरे झाली."

"मग ती कापली जाईल."

"जाईल."

"तुम्हाला कळतंय ना काय बोलताय ते?"

"तुम्हीच सांगा, भाऊजी. पुढं मागं त्या म्हाताऱ्याला तो तडा सापडेल. मी जशी खड्ड्यात उभी होते तसा तो उभा राहील. मग तो कुणाला विचारेल?"

शनिवारी कप्तान इस्त्रीचा सदरा घालून आला. सोबत मऊ कापडाचा एक नवा तुकडाही आणला होता, काचा पुसायला. वहिनीनं त्याला बाकापाशी नेलं आणि बॅटरी हातात दिली. त्यानं भिंग काढलं नाही. तडा भिंगाशिवाय दिसत होता.

"हे आधी ठाऊक नव्हतं तुम्हाला," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"नव्हतं."

त्यानं बॅटरी विझवून बाकावर ठेवली. मग गाडीपाशी गेला, दाराच्या कडेवर हात ठेवला, काढला.

"मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे," तो म्हणाला. "तरुण असतो तर घेतली असती आणि दहा वर्षं कवच शोधत फिरलो असतो. आता मला चालणारी हवी." मऊ कापडाचा तुकडा तो विसरून गेला की मुद्दाम ठेवून गेला, ते कळलं नाही.

महिनाअखेरीला भाऊजींनी भिंतीवरचे पाने उतरवले. वहिनीचं मशीन सकाळीच लेकीकडे गेलं होतं, आणि खिडकीपाशी फरशीवर त्याच्या चार पायांचे चार डाग उरले होते. भाऊजी काहीबाही बोलत होते. नव्या गॅरेजात म्हणे गाडीला आधी कॉम्प्युटर लावतात आणि मग हात. कॉम्प्युटर म्हणाला ताप नाही, तर रोग्यानं खोकायचं नाही. वहिनी "हं" म्हणत होती.

दुपारी सुटे भागवाला ट्रक घेऊन आला, बरोबर दोन हमाल. मागच्या फळीवरून दोन लाकडी ओंडके जमिनीपर्यंत तिरके टेकवले. गाडीत आता ऑटोमॅटिक नव्हता, मॅन्युअल नव्हता. चाकं आणि इंजिन यांच्यामध्ये नुसती पोकळी होती. ढकललं की ती वासरासारखी निमूट पुढं सरकायची.

"स्टिअरिंगला कुणीतरी बसायला हवं," सुटे भागवाला म्हणाला.

"मी बसतो," भाऊजी पुढं झाले.

"तुम्ही ढकला," वहिनी म्हणाली. "तुमच्या अंगात जोर आहे."

ती बसली. क्लचचं पेडल अजून तिथंच होतं, भाऊजींनी बसवलेलं, कशालाच न जोडलेलं. वाळला पाय त्याच्या बाजूला अवघडून टेकला. निजायची जागा गेली होती. टप उघडाच होता. मागून तिघांनी जोर लावला आणि गाडी वर्कशॉपच्या दारातून बाहेर आली, इंजिनाच्या आवाजाशिवाय, नुसती टायरखाली खडी करकरत. तिनं चाक डावीकडे घेतलं, मग सरळ. ओंडके बरोब्बर चाकांसमोर आले. तिला कधी दोनदा करावं लागत नसे.

पुढची चाकं ओंडक्यांवर चढली. लांब हिरवं नाक वर झालं, समोर ट्रकची रिकामी पाटी आणि पाटीच्या पलीकडे नुसतं आभाळ. मागे हमाल कण्हत होते, भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. गाडी तेवढ्यावरच थांबली. पुन्हा जोर. पुन्हा थांबली.

सुटे भागवाला खिडकीपाशी आला. नेहमीसारखाच, हळू.

"बाई," तो म्हणाला, "ब्रेकवर पाय आहे तुमचा."

वहिनीनं खाली बघितलं. होता. उजवा पाय, पूर्ण दाबलेला.

"सावकाश काढा," तो म्हणाला. "आम्ही धरलंय."

वहिनीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि पाय उचलला.